स्टॉक साइटवर चित्रं विकायची आहेत? आधी शब्द नीट करा

नाशिकमध्ये चांगला हात असलेली कितीतरी मुलंमुली मला भेटतात. टॅबलेट घेतलेला असतो, चित्रं काढलेली असतात आणि ती हार्ड डिस्कवर पडून असतात. शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक, आयस्टॉक, ड्रीम्सटाइम अशा स्टॉक साइटवर, म्हणजे तयार चित्रं स्वस्त दरात डाउनलोड करायला देणाऱ्या साइटवर, ती विकावीत असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ‘घरबसल्या महिन्याला लाख’ सांगणारे व्हिडिओ बघू नका. शटरस्टॉकवर एका डाउनलोडचे कमीत कमी १० सेंट मिळतात. तिथे आपला वाटा १५ टक्क्यांपासून सुरू होतो, विक्रीप्रमाणे ४० टक्क्यांपर्यंत चढतो आणि दर १ जानेवारीला पुन्हा तळाशी येतो. अ‍ॅडोबी स्टॉक चित्रामागे ३३ टक्के देते. म्हणजे दोन-चारशे चित्रं होईपर्यंत हातात काही ठळक दिसत नाही. एवढी तयारी असेल तर पुढे वाचा.

खातं उघडायला दहा मिनिटं लागतात. पैसे घ्यायला पेपाल किंवा पेओनियर ठेवा. अमेरिकेचा डब्ल्यू-८ बेन हा करफॉर्म मात्र ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या विक्रीवरचा कर ३० ऐवजी १५ टक्के कापला जातो. त्यासाठी फॉर्मवर पॅन नंबर टाका आणि नाव पॅन कार्डावर आहे तसंच लिहा. एकाच साइटला बांधून घेणारा करार सुरुवातीला करू नका, तेच चित्र चार ठिकाणी ठेवा.

फाइल व्हेक्टर असेल, म्हणजे कितीही मोठी केली तरी रेघ न फुटणारी, तर शटरस्टॉकला ती ईपीएस ८ किंवा १० या प्रकारात लागते आणि आर्टबोर्ड, म्हणजे चित्राचा कागद, किमान ४ मेगापिक्सेल. अ‍ॅडोबीला किमान १५ मेगापिक्सेल. मी सरसकट ५००० बाय ४००० पिक्सेल धरते, दोन्हीकडे चालतं. अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे फॉन्टचे आकार करून टाका, लपवलेले लेयर काढून टाका, ट्रॅक्टरवरचं कंपनीचं नाव आणि मोबाइलवरचा लोगो पुसा. एआयने केलेलं चित्र शटरस्टॉक आपल्याकडून घेत नाही. अ‍ॅडोबी घेते, पण तसं नमूद करावं लागतं. ते लपवून स्वतःच्या हाताचं म्हणून विकणं मला मुळीच मान्य नाही.

आता ज्या पायरीवर माझं जवळजवळ दीड वर्ष गेलं ती: शीर्षक आणि कीवर्ड, म्हणजे चित्र शोधात सापडावं म्हणून त्याला लावायचे शब्द.

दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमध्ये बसून मी एक स्केच केलं होतं. डोक्याला जाळीची टोपी घातलेली बाई, डाव्या हातात देठाला धरलेला द्राक्षाचा घड, उजव्या हातात बारीक टोकाची कात्री. खराब मणी ती एकेक करून कापते आहे आणि चांगल्या मण्याला बोट लागू देत नाही, कारण बोट लागलं की वरचा पांढरट थर पुसला जातो आणि माल शिळा दिसतो. चित्र मनासारखं उतरलं होतं. मी कीवर्ड टाकले: ग्रेप, फ्रूट, इंडिया, नाशिक, वूमन, ब्यूटिफुल, नेचर, कल्चर. आठ महिने एकही डाउनलोड नाही.

मी माझ्या चित्राकडे बघून शब्द लिहीत होते. घेणाऱ्याच्या टेबलावर मात्र एक काम पडलेलं असतं. शेतमाल निर्यातीच्या अहवालाचं मुखपृष्ठ, अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणाचा तक्ता, हंगामी मजुरांवरचा लेख. तो त्या कामाचे शब्द टाइप करतो. मी कीवर्ड बदलले: टेबल ग्रेप्स, सॉर्टिंग, क्वालिटी कंट्रोल, पॅकहाऊस, फूड सेफ्टी, हेअरनेट, सीझनल वर्कर, एक्स्पोर्ट. चित्राची एक रेघही हलवली नाही. तिसऱ्या आठवड्यात पहिलं डाउनलोड आलं आणि आजही माझं सगळ्यात जास्त जाणारं चित्र तेच आहे.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. कीवर्ड लिहिण्याआधी मी वहीत तीन ओळी लिहिते: हे चित्र कोण घेईल, कशावर छापेल, शोधताना काय टाइप करेल. या तीन ओळी सुचल्या नाहीत तर चित्र अपलोड करत नाही.

दुसरा खड्डा आपल्या इंग्रजीचा आहे आणि याबद्दल कोणीच सावध करत नाही. रोज बोलतो ते कितीतरी इंग्रजी शब्द बाहेर वेगळ्या अर्थाने चालतात. मिसळ मिळते त्या जागेला आपण हॉटेल म्हणतो, पण तो शब्द टाकलात तर तुमचं चित्र पलंग आणि स्वागतकक्षांच्या गर्दीत जाऊन बसतं. तिथे रेस्टॉरंट किंवा स्ट्रीट फूड हवं. कांद्याने भरलेला टेंपो काढलात तर टेंपो नको, कारण बाहेर त्याचा अर्थ संगीताची लय. कार्गो व्हॅन, डिलिव्हरी ट्रक लिहा. शेवग्याच्या शेंगेला ड्रमस्टिक म्हटलं की शोधणाऱ्यापुढे कोंबडीची तंगडी येते, म्हणून मोरिंगा. भेंडी म्हणजे ओक्रा, दही म्हणजे योगर्ट, शेंगदाणा म्हणजे पीनट. वांग्याला एगप्लांट आणि ऑबर्जिन दोन्ही लावा, कारण अमेरिकन एक म्हणतो आणि इंग्रज दुसरं. मिसळीच्या स्पेलिंगमध्ये एस एकदाच. दोनदा लिहिलात तर तो ख्रिस्ती उपासनेच्या पुस्तकाचा शब्द होतो.

किती कीवर्ड टाकावेत? शटरस्टॉक ७ ते ५० घेते, अ‍ॅडोबी ४९ पर्यंत, आणि अ‍ॅडोबीवर पहिल्या दहांना जास्त वजन असतं. तिथे क्रम कळीचा आहे. शहरातल्या एका क्लासमध्ये शिकवतात की पन्नासच्या पन्नास भरा, जास्त विकणाऱ्याचे कीवर्ड उचला आणि तीसही फाइलींना तेच चिकटवा. हा सल्ला ऐकून एका मुलीने अख्खा संच नाकारून घेतलेला मी पाहिला आहे. चित्रात नाही ते शब्दात नको. पंचवीस-तीस नेमके शब्द भरपूर झाले. ‘सक्सेस’, ‘ग्रोथ’ असले शब्द चित्रातून खरंच दिसत असतील तरच. पांढऱ्या पार्श्वभूमीवर वस्तू एकटी असेल तर ‘आयसोलेटेड’ आणि मजकुराला मोकळी जागा ठेवली असेल तर ‘कॉपी स्पेस’ हे दोन आवर्जून टाका. मांडणी करणारी माणसं ते रोज शोधतात.

काड्यांची माणसं काढून त्याला ‘वारली’ म्हणू नका. सुरगाणा-पेठच्या पट्ट्यात आजही ती कला हातात असलेली माणसं आहेत, त्यांचं नाव आपल्या विक्रीसाठी वापरू नये.

शीर्षक एका साध्या वाक्यात लिहा: कोण, काय करतंय, कुठे. विशेषणं नकोत.

सणाची चित्रं दोन-तीन महिने आधी चढवा. दिवाळीच्या जाहिरातीची चित्रं श्रावणातच शोधली जातात. अ‍ॅडोबीवर २५ डॉलर साठले की पैसे काढता येतात आणि ते आयकर विवरणपत्रात दाखवावे लागतात.

यंदा मात्र एकाच विषयाची तयारी आतापासून करा. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये आपल्याकडे भरतो आहे, आणि रामकुंडाची, घाटांची, साधूंची चित्रं जगभरातून शोधली जातील. कुंभमेळा, पिलग्रिमेज, रिव्हर बाथिंग, रिव्हर घाट हे शब्द चालतील. जास्त शोधले जातात म्हणून लोक रामकुंडाच्या चित्रांना ‘गँजेस’ आणि ‘वाराणसी’ लावतात, आणि मग दूरचा एखादा संपादक तेच नाव चित्राखाली छापतो. तसं करू नका. नदी गोदावरी आहे, गाव नाशिक आहे, आणि हे दोन्ही शब्द पहिल्या दहात ठेवा.