चळवळी शिकवताना सुरुवात पुढाऱ्यापासून करू नका

हायस्कूलला चळवळ शिकवायची म्हटलं की बहुतेक वर्गात काय होतं, नेत्याचं नाव, साल, कारणं, परिणाम असं फळ्यावर येतं आणि पोरं ते वहीत उतरवून मोकळी होतात. पेपरात मार्क पडतात, पण डोक्यात एवढंच राहतं की कुणीतरी मोठा माणूस आला, त्याने भाषण केलं आणि सगळं बदललं. माझं म्हणणं असं की चळवळ म्हणजे साध्या माणसांनी अडचणीत सापडून घेतलेले निर्णय, आणि ते निर्णय पोरांना आधी स्वतः घेऊ द्या, खरं काय झालं ते मागाहून सांगा.

त्यासाठी पाच-सहा चळवळी एका दमात उरकायच्या नाहीत. एकच घ्या आणि तीन-चार तास तिलाच द्या.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो अमेरिकेतल्या माँटगोमेरीचा बस बहिष्कार. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स ह्या कृष्णवर्णीय बाई थकल्या होत्या म्हणून बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी सीटवरून उठल्या नाहीत आणि त्यांना अटक झाली. इथेच पोरांना थांबवा आणि पुढची माहिती द्या, की त्या आधीपासून नागरी हक्कांच्या स्थानिक संघटनेच्या सेक्रेटरी होत्या, त्याच उन्हाळ्यात एका कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या, आणि त्यांच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन नावाच्या १५ वर्षांच्या मुलीला त्याच शहरात ह्याच कारणावरून अटक झाली होती. मग विचारा, बहिष्कार कोल्विनच्या वेळी का नाही झाला? वर्गातल्या पोरांच्याच वयाची मुलगी आहे ती, त्यामुळे एरवी गप्प बसणारी पोरंही बोलायला लागतात.

पुढचा टप्पा पत्रकांचा. जो अ‍ॅन रॉबिन्सन ह्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी अटकेच्या रात्रीच सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत घेऊन हजारो पत्रकं छापली, सोमवारी कुणी बसने जाऊ नका म्हणून. आता गट पाडा आणि सांगा, तुम्ही त्या शहरात आहात, बसने जायचं नाही, काम सुटलं तर घर चालणार नाही, काय करणार? दहा मिनिटं द्या आणि मधे बोलू नका. कुणी म्हणेल चालत जाऊ, कुणी म्हणेल टॅक्सी. मग एकेक अडचण टाकत जा, टॅक्सीवाल्यांनी बसइतकंच भाडं घ्यायला सुरुवात केली तर प्रशासनाने किमान भाड्याचा नियम लावला, लोकांनी आपापल्या गाड्या वाटून घेतल्या तर त्या गाड्यांचा विमा रद्द व्हायला लागला, मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या घरावर बॉम्ब पडला. दर वेळी विचारायचं, आता? हे ३८१ दिवस चाललं हे शेवटी सांगा, आधी सांगितलंत तर सगळी मजा जाते.

आणि एक प्रश्न सोडू नका, की जिंकलं कोण, बहिष्कार की कोर्ट? कारण बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला तो १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने, आणि त्या केसमधल्या फिर्यादींपैकी एक कोल्विन होती. एकच उत्तर नाही ह्याला, भांडू द्या.

कायदा झाला की काम झालं असं पोरांना वाटतंच, त्यासाठी महाड घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ ला झाला, महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केलं, आणि तरी तिथे पाण्याला कुणाला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, नंतर माणसांवर हल्ले झाले, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने यायला १९३७ उजाडलं. ह्या तारखा फळ्यावर एका रेषेत मांडा आणि विचारा, ह्यात हक्क नेमका कधी मिळाला?

हाताने काहीतरी करायचं असेल तर न्यूझीलंडच्या बायकांचा १८९३ चा मताधिकाराचा अर्ज. २५ हजारांहून जास्त सह्यांचे कागद एकाला एक चिकटवून झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळले होते, लांबी २७० मीटरच्या वर. वर्गात एक कागद सह्यांनी भरा, मग तेवढी लांबी मैदानात पावलांनी मोजा, दारोदार जाऊन सह्या घेणं म्हणजे काय ते तिथे कळतं. आधीच्या दोन वर्षांतले अर्ज वाया गेले होते हेही सांगायचं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, पोरांना अत्याचार करणारा आणि सोसणारा अशा भूमिका देऊ नका, वर्गात कुणाच्या घरी ते खरंच घडलेलं असू शकतं. बैठकीत बसून निर्णय घेण्याची भूमिका पुरते. कुणाला तिच्या जाती-धर्मावरून 'तू सांग' असंही म्हणायचं नाही, तिला स्वतःहून बोलायचं असेल तर गोष्ट वेगळी. विरोधकांची बाजू नक्की वाचून घ्या, त्या काळातल्या त्यांच्याच शब्दांत, पण वाद पद्धतीवर आणि मागणीवर घडवा, कुणाच्या माणूसपणावर नाही.

सध्या चालू असलेली चळवळ शेवटी घ्या, तोवर प्रश्न विचारायची सवय लागलेली असते: मागणी कुणाची, कुणाकडे, कुठल्या मार्गाने, समोरचा का ऐकेल? तुमचं स्वतःचं मत मधे आणू नका, नाहीतर पोरं तेच परत ऐकवतात.

आणि परीक्षेत साल विचारण्यापेक्षा न शिकवलेल्या चळवळीचं एखादं जुनं पत्रक द्या, ते कुणासाठी लिहिलंय आणि छापणाऱ्यांनी पुढे काय करायला हवं होतं ते कारणं देऊन लिहायला सांगा, मार्क कारणांना द्या.