इंग्लंडच्या बागेतली सुगंधी सदाहरित वेल: या चुका टाळा

ब्रिटनमध्ये घराला छोटी बाग मिळाली की मराठी माणसाला आधी जाई-जुई आठवते. नर्सरीत 'जास्मिन' लिहिलेली कुंडी दिसते, ती लगेच घरी येते आणि गडबड तिथेच होते. कारण त्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वेली विकल्या जातात.

जास्मिनम ऑफिसिनाले थंडी सोसते, पण हिवाळ्यात पानं गाळते. कुंपण बारा महिने हिरवं हवं असेल तर ती नको. हिवाळ्यात तारेच्या कड्यावर गुंडाळून विकतात ती गुलाबी कळ्यांची जास्मिनम पॉलिअँथम. ती कडक हिमात बाहेर टिकत नाही आणि रेडिएटरशेजारी कळ्या वाळवते. तिला उजेडाची पण थंड खोली लागते. बाहेर जगून पानं राखणारी ती स्टार जास्मिन, म्हणजे ट्रॅकेलोस्पर्मम जास्मिनॉइडिस. ही जाईच्या कुळातली नाहीच, कण्हेर-तगरीच्या कुळातली आहे. पाकळ्यांना पीळ असतो, फांदी मोडली की पांढरा चीक येतो, म्हणून छाटताना हातमोजे घाला. वास मात्र जाईप्रेमींना निराश करणार नाही.

तिला दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत द्या. आडोसा असेल तर उणे 5 अंश, कधी त्याहूनही जास्त थंडी ती काढते. बोचरं वारं मात्र तिला मानवत नाही. शरद ऋतूत सवलतीत मिळाली म्हणून लगेच लावू नका. वसंतात लावलेल्या वेलीला मुळं धरायला अख्खा उन्हाळा मिळतो. भिंतीला अगदी चिकटूनही लावू नका. इंग्लंडात पाऊस इतका, मग पाणी कशाला, असं वाटतं. पण भिंतीच्या पायथ्याची माती पावसातही कोरडी राहते. 45 सेंटिमीटर सोडून खड्डा घ्या, वेल भिंतीकडे कलती ठेवा आणि पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात स्वतः पाणी घाला. वेल आधाराभोवती पिळे घेत चढते, आयव्हीसारखी भिंतीला चिकटत नाही. त्यामुळे तारा आधीच ताणून ठेवा.

डिसेंबरमध्ये पानं तांबूस झाली की लोक घाबरून खत आणि पाणी ओततात. तो थंडीचा रंग आहे, वसंतात जातो. थंड, चिखल झालेल्या मातीत मुळं कुजतात, तो धोका खरा. पानं पिवळी पडून गळत असतील तर आधी निचरा तपासा.

सगळ्यात जास्त फुलं कात्रीमुळे जातात. क्लेमॅटिस आर्मंडी ही दुसरी आवडती सदाहरित वेल, मार्च-एप्रिलमध्ये पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरणारी. तिच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात. बाग आवरायची म्हणून ऑक्टोबरमध्ये ती कापली, तर पुढच्या वसंतातली फुलं कचऱ्याच्या डब्यात गेली म्हणून समजा. छाटायची ती फुलं संपल्या संपल्या, आणि तीही हलक्या हाताने. जुन्या जाड लाकडापर्यंत कापली तर पुन्हा फुटेलच असं नाही. फुलांनंतर आतली जुनी पानं तपकिरी होऊन झडतात, तो रोग नव्हे. एरवी क्लेमॅटिस खोल लावायला सांगतात. हिला तसं नको. कुंडीत होती त्याच पातळीवर लावा.

स्टार जास्मिनचं वेळापत्रक वेगळं आहे. फुलं उन्हाळ्यात, जुन्या फांद्यांच्या आखूड फुटव्यांवर. त्यामुळे हिची छाटणी वसंताच्या सुरुवातीला, आणि तीही गर्दी विरळ करण्यापुरतीच. लावल्यानंतर पहिली काही वर्षं ती रेंगाळते. तेव्हा लॉनचं नत्रयुक्त खत देऊ नका, पानं माजतील आणि फुलं रुसतील. भिंत सावलीत असेल तर खताचा उपयोगच नाही, ऊन हवं.

कुंडीत लावायची असेल तर कुंडी मोठी घ्या आणि कडाक्याच्या थंडीत गोणपाटाने गुंडाळा, कारण जमिनीतल्यापेक्षा कुंडीतली मुळं लवकर गोठतात. पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर व्हाइन वीव्हिल हा भुंगेरा आला आहे. खरं नुकसान मातीतल्या त्याच्या पांढऱ्या अळ्या मुळं खाऊन करतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, माती उबदार असताना, बागेच्या दुकानात मिळणारे या अळ्यांवरचे नेमाटोड, म्हणजे अळ्यांना मारणारे सूक्ष्म कृमी, पाण्यातून घाला.