विद्युत अपघटन: प्रयोग कुठे फसतो, उत्तर कुठे चुकतं? या चुका टाळा

काचेचा ग्लास, पाणी, चिमूटभर मीठ, दोन लोखंडी खिळे आणि ९ व्होल्टची बॅटरी. पाण्याच्या विद्युत अपघटनाचा, म्हणजे विजेने पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करण्याचा, प्रयोग घरी करणारी बहुतेक मुलं एवढ्यावरच सुरुवात करतात. पाच मिनिटांत एका खिळ्याभोवती बारीक बुडबुड्यांची झुंबड उडते, दुसरा मात्र गप्प असतो. थोड्या वेळाने तळाशी हिरवट, मग तांबूस-तपकिरी गाळ बसू लागतो आणि मुलं विचारतात, "ऑक्सिजन कुठे गेला?"

तो तयारच झाला नाही. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या खिळ्यावर इलेक्ट्रॉन द्यायचे असतात, आणि पाण्यापेक्षा लोखंड ते जास्त सहज देतं. लोखंडाचे आयन (विद्युतभारित कण) पाण्यात उतरतात, ऋणाग्रापाशी, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या खिळ्यापाशी, तयार झालेल्या हायड्रॉक्साइडशी त्यांची गाठ पडते आणि गाळ बनतो. म्हणजे खिळाच झिजतो. स्टीलचा चमचाही नको, कारण त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरू शकतात. पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासून तिचं शिसं वापरा. ते ग्रॅफाइट असतं, वीज वाहून नेतं आणि लोखंडासारखं विरघळत नाही.

आता मिठाचं बघू. ग्रॅफाइट लावूनही मीठ तसंच ठेवलं, तर धन टोकाशी पाण्याच्या टाकीत टाकतात त्या टीसीएल पावडरसारखा वास येतो. तो क्लोरीन. मिठातल्या क्लोराइडमुळे ऑक्सिजनबरोबर क्लोरीनही निघतो, आणि तो श्वासात जाणं चांगलं नाही. मिठाऐवजी धुण्याचा सोडा घाला. शाळेत शिक्षकांच्या हाताखाली विरल सल्फ्युरिक आम्लही चालतं, पण पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. आणि काहीच न घालता ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घेतलं, तर आयन इतके कमी असतात की बुडबुडे जवळपास दिसतच नाहीत.

सगळं नीट केलं तरी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण अगदी २:१ येईलच असं नाही. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो, शिवाय थोडा ग्रॅफाइटशी संयोग पावतो. ऑक्सिजन कमी भरला तर वहीत आहे तोच आकडा लिहा आणि कारण द्या. २:१ यावं म्हणून आकडा फिरवू नका. प्रयोगवहीतली खरी नोंद मला पाठ केलेल्या उत्तरापेक्षा जास्त मोलाची वाटते.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही: घरातल्या प्लगची वीज. ती जीव घेऊ शकते. शिवाय तिची दिशा सेकंदाला ५० वेळा पूर्ण चक्र घेते, त्यामुळे दोन्ही टोकांवर दोन्ही वायू मिसळतात. हे मिश्रण ठिणगीने भडकतं, म्हणून बॅटरी वापरतानाही दोन्ही वायू एकाच नळीत गोळा करू नका.

पुस्तकातली सगळ्यात चिवट चूक आहे धनाग्राची, म्हणजे अॅनोडची. विद्युत अपघटनात धनाग्र बॅटरीच्या धन टोकाला जोडलेलं असतं, इथवर ठीक. पुढे विद्युतघट (स्वतः वीज देणारा सेल) शिकताना 'अॅनोड ऋण असतो' हे वाचलं की गोंधळ उडतो. गोंधळ शब्दामुळे आहे. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये अॅनोड, कॅथोड हे शब्द वापरात आणले, ते विल्यम व्ह्यूएल या विद्वानाच्या मदतीने घडवून. 'अॅनोड'चं मूळ ग्रीकमध्ये 'वर जाणारी वाट', त्यात धन-ऋण काहीच नाही. आपल्या मराठी शब्दाने त्यात 'धन' आणलं. म्हणून व्याख्या अशी धरा: जिथे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणं), तो अॅनोड; जिथे क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं), तो कॅथोड. ही दोन्हीकडे टिकते.

द्रावणातून इलेक्ट्रॉन पोहत जातात असा बाण काढणारी मुलंही बरीच. इलेक्ट्रॉन तारेतून जातात, द्रावणात फिरतात ते आयन.

द्रावणातून ऋणाग्रावर किती तांबं जमेल, या गणितात दोन ठिकाणी गुण जातात. मिनिटांचे सेकंद करायचे राहतात, आणि तांब्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात हे विसरलं जातं. ०.५ अँपिअर धारा ३० मिनिटं वाहिली, तर ०.५ × १८०० = ९०० कुलोम (विद्युतप्रभाराचं एकक). ६३.५ ग्रॅम, म्हणजे एक मोल तांब्याला २ × ९६,५०० (एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार) म्हणजे १,९३,००० कुलोम लागतात, म्हणून ऋणाग्रावर साधारण ०.३ ग्रॅम तांबं बसेल. उत्तर ०.६ आलं, तर ९६,५०० ला २ ने गुणायचं राहिलंय.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाचा निळा रंग फिका पडतो का, हा प्रश्न आला की आधी पट्ट्या कशाच्या आहेत ते वाचा. तांब्याच्या असतील तर एकीकडे जमलेलं तांबं दुसरीकडून भरून येतं आणि रंग टिकतो. ग्रॅफाइटच्या असतील तर तांबं ऋणाग्रावर जमत जातं, धनाग्रावर ऑक्सिजन निघतो, द्रावण आम्लधर्मी होतं आणि निळा रंग हळूहळू उतरतो.