टाकी भरली की वाजणारा अलार्म: घरच्या टेबलावरचा पहिला प्रोजेक्ट

इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी एकच सांगतो, आधी टाकीचा अलार्म बनव. आर्डुइनो (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) नंतर. नुसता एलईडी लुकलुकवून दोन दिवसात कंटाळा येतो, पण गच्चीवरची टाकी ओसंडून पाणी जिन्यात यायचं ते तुमच्या ९ व्होल्टच्या सर्किटने थांबलं की आईच विचारते, आता पुढे काय बनवतोयस.

सामान फार नाही. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा तीन पायांचा भाग; पाच-सहा घ्या, एखाद-दुसरा जळतोच), १० के आणि १ के रेझिस्टर (के म्हणजे हजार ओहम), लाल एलईडी, १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची भोकांची पट्टी), आणि बझर. बझर मागताना सांगा की सप्लाय दिला की स्वतः वाजणारा हवा, नाहीतर नुसती पिएझोची चकती हातात येते आणि ती डीसीवर फक्त टिक करते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सगळं सुटं मिळतं. मल्टिमीटर मात्र घ्याच, साधा डिजिटल चालेल, पण त्याच्याशिवाय तुम्ही फक्त वायरी जोडाल, शिकणार काही नाही.

आता जोडणी. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, मग डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर बॅटरीच्या मायनसला. बझरची प्लस वायर बॅटरीच्या प्लसला, मायनस कलेक्टरला. त्यालाच समांतर प्लसपासून १ के (रंगीत पट्टे ब्राऊन, ब्लॅक, रेड), मग एलईडीचा लांब पाय, आखूड पाय कलेक्टरला. बेसला १० के (ब्राऊन, ब्लॅक, ऑरेंज) आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोकळी वायर, दुसरी मोकळी वायर थेट बॅटरीच्या प्लसला. झालं. दोन्ही मोकळी टोकं नळाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवा, बझर वाजला पाहिजे.

वाजला की लगेच पुढे पळू नका, खरी मजा इथेच आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून कलेक्टर आणि एमिटरमध्ये लावा. वायरी पाण्याबाहेर असताना ८-९ व्होल्टच्या आसपास दिसेल, पाण्यात बुडवल्या की तेच व्होल्टेज एकदम खाली येतं, ०.२ च्या जवळपास. म्हणजे ट्रान्झिस्टर स्विचसारखा चालू झाला. आता बेस आणि एमिटरमध्ये मोजा, ०.७ च्या आसपास येईल. मग बॅटरीच्या प्लसकडून पाण्यात जाणाऱ्या वायरीत मीटर मायक्रोअँपिअरवर मध्ये घाला आणि बघा पाण्यातून किती बारीकसा करंट जातोय, आणि तेवढ्यावर बझर आणि एलईडी मिळून कित्येक पट जास्त करंट चालू होतो. पुस्तकात गेन (करंट किती पटीने वाढतो ते) हा शब्द दहा वेळा वाचून मला जे कळलं नव्हतं ते या एका मोजणीत कळलं, म्हणून प्रत्येकाला हे करायला लावतो.

आवाज अगदी बारीक येत असेल तर आधी ट्रान्झिस्टर उलटा लागलाय का बघा, कलेक्टर-एमिटर अदलाबदल झाले तरी तो थोडाफार चालतो आणि आपण तासभर बॅटरीला दोष देत बसतो, माझं असंच झालं होतं. ट्रान्झिस्टर बरोबर असूनही आवाज कमी असेल तर पाण्यात क्षार कमी असतील, मग दोन बीसी ५४७ जोडा, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र, डार्लिंग्टन म्हणतात त्याला.

ब्रेडबोर्डवर नीट चाललं की झिरो पीसीबीवर (भोकं आणि तांब्याचे पॅड असलेला कोरा बोर्ड) सोल्डर करा. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न (बोलताना गन म्हणतात) पुरते. गनचं टोक पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा, मग सोल्डरची तार जोडाला लावा, गनच्या टोकाला नाही. जोड चकचकीत आणि डोंगरासारखा उतरता दिसला पाहिजे, मळकट गोळा दिसला तर ड्राय सोल्डर, परत गरम करा. तारेतल्या फ्लक्सचा धूर होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. ६०/४० च्या (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) तारेत शिसं असतं, त्यामुळे काम झालं की साबणाने हात धुवा, आणि लहान मुलं टेबलाजवळ नकोत.

टाकीत बसवताना बहुतेकांचं चुकतं. तांब्याची उघडी वायर पाण्यात सोडू नका, डीसीमुळे प्लसकडचं टोक झिजून हिरवं पडतं. स्टेनलेस स्टीलचे दोन लांब स्क्रू घ्या. स्टीलला साधं सोल्डर धरत नाही आणि पिण्याच्या पाण्यात शिसं नकोच आहे, म्हणून वायरीला थिंबल (टोकाला लावायची धातूची कडी) दाबून नटखाली आवळा. स्क्रू प्लास्टिकच्या पट्टीत ३-४ सेंटीमीटर अंतरावर लावा आणि पट्टी झाकणापासून अशी लटकवा की पाणी फक्त स्क्रूच्या टोकांना लागेल, पट्टी भिजली तर तिच्यावरच्या ओलीतून करंट जात राहतो आणि पाणी उतरलं तरी बझर थांबत नाही. गच्चीवरून घरात १०-१५ मीटर वायर येत असेल तर ती आजूबाजूच्या लाइटच्या वायरिंगमधून गुणगुण उचलते, त्यासाठी तो १०४ कपॅसिटर बेस आणि एमिटरच्या मध्ये.

मोबाइलच्या चार्जरवर चालवू का, हे हमखास विचारतात. माझं उत्तर नाही. हातात पाणी, दुसऱ्या टोकाला २३० व्होल्ट, आणि मध्ये कुठला तरी स्वस्त चार्जर, हे नकोच. टाकी रिकामी असताना सर्किट जवळपास काहीच करंट घेत नाही, म्हणून बॅटरी पुष्कळ टिकते, फक्त वाजला की मोटर लगेच बंद करा आणि पाणी उतरेपर्यंत बॅटरीची क्लिप काढून ठेवा, नाहीतर बझर वाजतच राहतो. महिन्यातून एकदा झाकण उघडून स्क्रूंना खालून पाण्याचा ग्लास लावून बघायचा, आवाज मंदावला असेल तर त्याच दिवशी बॅटरी बदलायची.