बॅटरी उलटी लागली? लगेच सुलटी लावू नका

प्लसच्या जागी मायनस लागलं, मोठी ठिणगी उडाली, बॉनेटखाली कुठेतरी ‘टक्’ झालं आणि गाडी ठार बंद. पुढे बहुतेक जण काय करतात? घाईघाईने वायरी काढतात, बरोबर जागी लावतात आणि चावी फिरवतात. वाचलं असतं तेही कधी कधी या दुसऱ्या घाईत जातं. उलट्या करंटने आत काही शॉर्ट होऊन बसलं असेल, तर सुलटी बॅटरी त्याच शॉर्टमध्ये आपली सगळी ताकद ओतते. वायरिंग तापून धूर निघतो तो अशा वेळी.

बाजूला उभं राहून “ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, बदलावा लागेल” असं जाहीर करणारे लोक असतात. त्यांचं मनावर घेऊ नका. ईसीएमची किंमत पाच आकडी आणि तो खरोखर गेलेला असण्याआधी बघायच्या चार स्वस्त गोष्टी आहेत.

आधी बॅटरी बाहेर

मायनस आधी, प्लस नंतर. चावी काढून खिशात. बॅटरी फुगली असेल, गरम असेल किंवा तिच्यातून ॲसिड गळत असेल तर ती पुन्हा वापरायची नाही. बाकी ठीक दिसली तर मल्टिमीटर लावा. लाल टोक प्लसवर ठेवून १२.५ व्होल्टच्या आसपास दिसलं की बॅटरीचा विषय संपला.

काढलीच आहे तर ती उलटी लागली कशी तेही बघून घ्या. छोट्या गाड्यांच्या बॅटरीवर ३८बी२०एल किंवा ३८बी२०आर असा नंबर असतो. डबा तोच, माप तेच, पण टर्मिनलं उलट बाजूंना. दुकानातून ‘एल’ऐवजी ‘आर’ आली की जी वायर जिथे पोचते तिथे ती लावली जाते. अक्षराचा अर्थ लावत बसू नका, जुनी बॅटरी शेजारी ठेवून टर्मिनलं जुळवा. शिवाय प्लसचा खांब मायनसपेक्षा दीड-एक मिलिमीटर जाड असतो. मायनसचं क्लॅम्प त्यावर सहज बसतच नाही. ते स्क्रूड्रायव्हरने फाकवून, वरून ठोकून बसवावं लागलं तर हात तिथेच थांबवा.

मेन फ्यूज

प्लसच्या क्लॅम्पवर किंवा इंजिनजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये बोल्टने कसलेला मोठा फ्यूज असतो, साधारण ६० ते १२० अँपिअरचा. ओढून निघत नाही, दहा नंबरचा पाना लागतो. झाकणातून पट्टी तुटलेली दिसली नाही तरी मल्टिमीटरने कंटिन्युटी (करंटची वाट अखंड आहे का) तपासाच. हा उडाला असेल तर बरं झालं म्हणायचं, तो त्यासाठीच बसवलेला आहे. तिथे तांब्याची तार गुंडाळून “तात्पुरतं” करून देणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. नवा फ्यूज आणून ठेवा, बसवू मात्र नका.

अल्टरनेटर: इथेच सगळे फसतात

इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो अल्टरनेटर. त्याच्या आत सहा डायोडचा, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा, पूल असतो. बॅटरी सरळ असताना हे डायोड करंट अडवतात. उलटी लागली की तेच डायोड बॅटरीला मोकळी वाट करून देतात आणि शेकडो अँपिअर त्यातून धावतात. मेन फ्यूज वेळेत उडाला तर डायोड वाचतात, उशीर झाला तर शॉर्ट होतात. म्हणून नवा फ्यूज टाकण्याआधी हे तपासायचं.

अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवरची जाड वायर मोकळी करा. हात पोचत नसेल तर मेन फ्यूज काढलेल्या जागी अल्टरनेटरकडे जाणारं टोक धरलं तरी चालतं. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर. लाल टोक अल्टरनेटरच्या अंगावर, काळं त्या बोल्टवर: साधारण ०.८ ते १ दिसायला हवं, कारण करंट दोन डायोड ओलांडून येतो. टोकं अदलाबदल केली की मीटरने काहीच दाखवता कामा नये. दोन्हीकडून शून्याच्या जवळ आलं तर डायोड गेले.

आता ती गोष्ट, जी मला कोणी शिकवली नाही आणि समजायला बराच काळ गेला. आकडा ०.४५च्या आसपास आला आणि उलट दिशेला मीटर गप्प राहिला, तर “शॉर्ट नाही, ठीक आहे” असं म्हणून पुढे जाऊ नका. जोडीतला एक डायोड मेला आहे आणि दुसरा एकटा खिंड लढवतोय. गाडी सुरू होईल, चार्जिंग अर्धवट होईल आणि काही दिवसांनी उरलेलाही जाईल. अशा वेळी रेक्टिफायर प्लेट, म्हणजे हे डायोड बसवलेली पट्टी, बदलून घ्या. अल्टरनेटर उघडणारा चांगला कारागीर तेवढीच प्लेट बदलून देतो, अख्खा अल्टरनेटर घ्यायची गरज बहुधा पडत नाही.

बल्ब लावून जोडणी

अल्टरनेटर पास झाला, फ्यूज नवा बसवला, तरी बॅटरी थेट जोडायची नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी आणि चिमटे जोडा. प्लस बरोबर जागी कसा. मायनसची केबल कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. बल्बचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा इंजिनवरच्या एखाद्या उघड्या बोल्टला लावा. दुसरा चिमटा बॅटरीपासून लांबच हवा, तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. चावी बंद, दारं आणि डिकी लावलेली.

बल्ब क्षणभर पेटून मंदावला किंवा विझला तर आत शॉर्ट नाही. पूर्ण तेजाने पेटलेलाच राहिला तर आहे. पण घाबरायचं कारण नाही, बल्ब दोन अँपिअरच्या वर जाऊच देत नाही, काही जळणार नाही. आता एकेक फ्यूज उपटत जा. पहिला म्युझिक सिस्टिमचा, कारण तिच्या आत प्लस-मायनसमध्ये एक संरक्षक डायोड असतो आणि तो हटकून बळी जातो. जो फ्यूज काढल्यावर बल्ब मंदावेल किंवा विझेल त्या सर्किटमध्ये दोष. काही रिलेंच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या डब्यांच्या) पोटातही डायोड असतो, तेव्हा फ्यूज सापडला की त्या सर्किटचा रिलेही बदलून बघा.

बल्ब लावलेला असताना चावी फिरवू नका. व्होल्टेज पडतं, डॅशबोर्डवर भलतेसलते दिवे लागतात आणि लोक तेवढ्यावरून ईसीएम काढायला निघतात.

छोटे फ्यूज

फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन ठिपके उघडे असतात, तिथे मल्टिमीटर टेकवा, एकेक उपटायची गरज नाही. १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. ज्या रंगाचा उडाला त्याच रंगाचा टाका.

आता चावी

केबल नेहमीसारखी जोडा आणि फक्त इग्निशन ऑन करा. इंजिनचा पिवळा दिवा पेटला तर ईसीएमला बहुधा प्राण आहे. पेटला नाही तर आधी त्याचा फ्यूज आणि मेन रिले बघा. दोन्ही धड असूनही स्कॅनरशी तो बोलत नसेल, तर मग ईसीएमची चर्चा करू. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर तिथे मल्टिमीटर लावायचा विचारही करू नका, एअरबॅग फुटू शकते. ते काम वर्कशॉपचंच. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांनाही हा लेख लागू नाही.

इंजिन सुरू झालं की बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. नव्या गाड्यांत ईसीएम स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे हा आकडा हलतो. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर टाका. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड लंगडे आहेत, मीटरच्या आधीच्या परीक्षेत ते पास झाले असले तरी.

त्याच रात्री गाडी बंद करून ठेवा. सकाळी बॅटरी उतरलेली दिसली तर मायनसच्या वाटेत अँपिअरचा मीटर जोडा. अर्धा तास गाडी शांत राहिल्यावरही ५० मिलीअँपिअरच्या वर करंट जात असेल तर मायनस सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला, तर कारागिराकडे फक्त अल्टरनेटर घेऊन जायचं, गाडी नाही.