नवऱ्याच्या पीआरवर, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या परवान्यावर, कॅनडात आलात? शिक्षण आणि नोकरीची सुरुवात कुठून करायची ते सांगते

डोंबिवलीहून ब्रॅम्प्टनला आले तेव्हा माझ्याकडे मुंबई युनिव्हर्सिटीची बी.कॉम. होती, एका पतसंस्थेतला नऊ वर्षांचा अनुभव होता आणि कडेवर चार वर्षांची मुलगी होती. पहिल्या तीन महिन्यांत जो भेटेल तो एकच सांगायचा, इंडियाचं शिक्षण इथे झीरो, एखादा डिप्लोमा कर नाहीतर वेअरहाऊसला लाग. मी ते खरं मानलं. एका प्रायव्हेट कॉलेजात ऑफिस ॲडमिनचा डिप्लोमा केला, साठवलेले पैसे त्यात गेले आणि वर्गात शिकवलेलं बहुतेक सगळं मला आधीच येत होतं. म्हणून आता कोणी नवीन बाई भेटली की मी तिला पहिलं हेच सांगते, फी भरायची घाई करू नका, आधी तुमच्याकडे जे आहे ते इथे कशात मोजलं जातं ते बघा. मी सांगतेय ते ऑन्टारिओ प्रांताचं आहे, दुसऱ्या प्रांतात ऑफिसांची नावं आणि नियम थोडे वेगळे असतात.

आधी कागद. अजून निघाला नसाल तर फार बरं, कारण हे काम तिथे असतानाच सोपं जातं. पीआरसाठी फक्त नवऱ्याच्या डिग्रीचं असेसमेंट, म्हणजे ती इथल्या कशाच्या बरोबरीची याची तपासणी, झालेलं असतं आणि तुमचं राहून जातं, असं खूप घरांत होतं. तुमचंही करून घ्या, डब्ल्यूईएस नाहीतर टोरंटो युनिव्हर्सिटीची सीईएस, या संस्थांकडून होतं. त्यातही दोन प्रकार आहेत. इमिग्रेशनसाठीचा जो असेसमेंट रिपोर्ट, म्हणजे ईसीए, असतो त्यात फक्त डिग्री कशाच्या बरोबरीची एवढंच येतं, पण कॉलेजला नाहीतर प्रोफेशनच्या संस्थेला बऱ्याचदा प्रत्येक विषयाचे मार्क आणि क्रेडिट दाखवणारा कोर्स-बाय-कोर्स रिपोर्ट लागतो. कोणता हवा ते त्या संस्थेला विचारा आणि मगच पैसे भरा.

ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा अधिकृत उतारा, ती युनिव्हर्सिटीकडूनच जावी लागते, आपण घरून झेरॉक्स पाठवून चालत नाही. इथे बसून भावाला कलिनाला युनिव्हर्सिटीत चकरा मारायला लावण्यापेक्षा निघायच्या आधी स्वतः सोक्षमोक्ष लावलेला बरा.

आणि आता नावाचं. हे आपल्याकडच्या बायकांचं खास दुखणं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या मार्कशीटवर आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं आणि मग आईचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. म्हणजे दोन्ही कागद समोरासमोर ठेवले तर फक्त माझं नाव जुळतं, बाकी सगळं वेगळं, आणि इथल्या ऑफिसातल्या माणसाला लग्नानंतर मधलं नावसुद्धा बदलतं हे माहीत असायचं काही कारण नाही. माझी फाइल एका ठिकाणी याच कारणाने सात आठवडे अडकली होती. बेसमेंटच्या त्या छोट्या टेबलावर मी सगळे कागद पसरून बसले होते, आईने शिवलेल्या कापडी पिशवीतून आणलेले, आणि मॅरेज सर्टिफिकेट तेवढं त्यात नव्हतं, ते राहिलं होतं डोंबिवलीच्या कपाटात. तेव्हा रजिस्टर केलेलं मॅरेज सर्टिफिकेट इंग्रजीत घ्या, मराठीत असेल तर ट्रान्सलेशन करून ठेवा, गॅझेट, म्हणजे नाव बदलल्याची सरकारी राजपत्रातली नोंद, केलं असेल तर त्याची प्रत घ्या, आणि लग्नात नावच बदललं असेल तर गॅझेट नक्की घ्या. दोन सेट करा, एक हॅन्डबॅगेत. सोबत जुन्या ऑफिसचं अनुभवाचं पत्र, आणि त्यात नुसतं ‘अमुक ते तमुक कामाला होत्या’ नको, काम काय करत होतात ते चार ओळींत लिहून घ्या.

इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतःचा सिन नंबर काढा, नोकरी आणि टॅक्ससाठी तो लागतो, स्वतःच्या नावाचं बँक अकाउंट उघडा. तुम्ही नवऱ्याच्या अर्जावरून आलात तरी पीआर तुमचा स्वतःचा आहे. शिकायला वेगळा स्टडी परमिट लागत नाही आणि कॉलेजची फी इंटरनॅशनल नाही तर इथल्या लोकांची लागते, दोन्हींत कित्येक पटींचा फरक असतो. वर्क परमिटवर आलेल्या असाल तर मात्र गणित वेगळं, फी आणि मोफत सोयी दोन्ही बाबतींत, त्यामुळे कोणाचं ऐकून धरून चालू नका, कॉलेजला थेट विचारा.

मग बघायचं की तुमचं काम कोणत्या रांगेतलं आहे. इथे काही कामं रेग्युलेटेड आहेत, म्हणजे लायसन्सशिवाय ती करताच येत नाहीत, नर्स, डेंटिस्ट, फार्मसिस्ट, शाळेतली टीचर, वकील, इंजिनिअरसुद्धा. आणि अकाउंट्स क्लार्क, पेरोल म्हणजे पगार काढण्याचं काम, एचआर, बरंचसं आयटी, यांना लायसन्स लागत नाही, तिथे एम्प्लॉयरला पटलं की झालं. दुसऱ्या रांगेतल्या बाईने पहिल्या रांगेसारखी वर्षं घालवायची गरज नाही, मी तीच चूक केली. पहिल्या रांगेत असाल तर त्या प्रोफेशनच्या संस्थेच्या साइटवर जा, परदेशात शिकलेल्यांसाठी वेगळं पान असतं, ते अख्खं वाचा, कंटाळा आला तरी वाचा. डेंटिस्ट असाल तर एनडीईबी या डेंटिस्टच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या परीक्षांची एक साखळी आहे, ती पार केली तर इथे पुन्हा डेंटल कॉलेज करावंच लागतं असं नाही. इंजिनिअर मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, ऑन्टारिओत पीईओने, म्हणजे इंजिनिअरना लायसन्स देणाऱ्या संस्थेने, २०२३ मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली, त्याआधी निदान एक वर्ष इथलं लागायचं. अनुभव अजूनही दाखवावा लागतोच आणि परीक्षाही आहे, पण तुमचं पुण्यातलं काम आता धरलं जातं. जुन्या लोकांना हे ठाऊक नसतं आणि ते दहा वर्षांपूर्वीचा सल्ला देतात, प्रेमाने देतात, पण तो आता लागू नाही.

लायसन्ससाठी परीक्षा, क्लास, असेसमेंट हा सगळा खर्च झेपत नसेल तर विंडमिल मायक्रोलेंडिंग नावाची संस्था नेमकं याच कामासाठी कमी व्याजात कर्ज देते. आणि ब्रिजिंग प्रोग्रॅम नावाचा प्रकार शोधा. परदेशात शिकलेल्या नर्स, इंजिनिअर, अकाउंटंट अशा लोकांसाठी थोड्या महिन्यांचे कोर्स असतात, डिग्री पुन्हा करायला लावत नाहीत, जे कमी पडतंय तेवढंच भरून काढतात, आणि सरकारचा पैसा असल्यामुळे बरेच फुकट नाहीतर स्वस्त असतात.

कॉलेज करायचंच ठरलं तर आधी पब्लिक आहे की प्रायव्हेट ते बघा. ऑन्टारिओत २४ पब्लिक कॉलेजेस आहेत, शेरिडन, हंबर, सेनेका, जॉर्ज ब्राउन ही टोरंटोच्या आसपासची. ‘ॲडमिशनची आज शेवटची तारीख, आत्ताच डिपॉझिट भरा’ असा फोन आला की तो फोन ठेवायचा, चांगलं कॉलेज तुमच्या मागे लागत नाही. सप्टेंबरच्या ॲडमिशनला मागणी असलेल्या कोर्ससाठी १ फेब्रुवारीच्या आत अर्ज गेलेला बरा, जानेवारी आणि मेमध्येही बरेच कोर्स सुरू होतात. नोकरी सांभाळून करायचं असेल तर कंटिन्युइंग एज्युकेशनमध्ये एकेक विषय संध्याकाळी करता येतो, टोरंटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीचं चँग स्कूल त्यासाठीच आहे. ओसॅप म्हणजे ऑन्टारिओची स्टुडंट एड, पीआरवाल्यांना मिळते, पण साधारणपणे निदान १२ महिने ऑन्टारिओत राहिलेलं असावं लागतं आणि घरचं उत्पन्न बघतात. त्यात बराच भाग लोन असतो, तो फेडायचा असतो, हे सही करण्याआधी नीट समजून घ्या.

आता माझं काय झालं ते सांगते. डिप्लोमा झाल्यावरही नोकरी मिळेना, तेव्हा सेटलमेंट एजन्सीत, म्हणजे नवीन आलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेत, गेले. या एजन्सीज केंद्र सरकारच्या पैशातून चालतात आणि पीआरवाल्यांना एक पैसा पडत नाही, आणि नागरिकत्व घेतलं की त्यातल्या बऱ्याच सोयी बंद होतात म्हणून सुरुवातीलाच वापरा. तुमच्या भागात कोणती आहे माहीत नसेल तर फोनवरून २११ लावा, ते सांगतात. तिथे मला एका मराठी काकांशी जोडून दिलं, निवृत्त अकाउंटंट, मिसिसागात राहणारे. टिम हॉर्टन्स या कॉफी शॉपमध्ये भेटलो. त्यांनी माझा रेझ्युमे वाचला, त्यात लिहिलं होतं ‘क्लार्क, पतसंस्था’. म्हणाले, “ताई, पतसंस्था काय असते हे इथे कोणाला कळणार, तू दर महिन्याच्या एक तारखेला काय करायचीस ते सांग.” मी सांगितलं, ४२ जणांचा पगार काढायचे, हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ कापायचा, टीडीएस कापायचा, वर्षाअखेरीला फॉर्म १६ द्यायचे. ते म्हणाले मग तू पेरोल करत होतीस, तसं लिही ना. त्यांनी नॅपकिनवर दोन रकाने आखले. टीडीएसच्या समोर इन्कम टॅक्स डिडक्शन, पीएफच्या समोर सीपीपी म्हणजे इथली पेन्शन, अगदी तेच नाही पण पगारातून कापून सरकारकडे भरायचं तेच, त्याखाली ईआय म्हणजे बेकारीचा विमा, जे आपल्याकडे तसं नाही, आणि फॉर्म १६ च्या समोर टी४ हा इथला फॉर्म, फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत द्यायचा. तो नॅपकिन अजून माझ्या फायलीत आहे.

तुम्हीही हेच करा, हुद्दा बाजूला ठेवा आणि कामं लिहून काढा, मग त्याच कामाच्या इथल्या पाच-सहा जाहिराती घ्या आणि कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते बघा. ‘जबाबदार होते’ असं लिहू नका, किती जणांचं, किती रकमेचं, किती वेळात, ते आकड्यात लिहा. फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, वडिलांचं नाव, यातलं काहीही रेझ्युमेवर नको. दोन पानांत आटपा. मुलीसाठी घरी बसलेली वर्षं लपवू नका, एका ओळीत सांगून पुढे जा.

मग मी नॅशनल पेरोल इन्स्टिट्यूटचा पीसीपी हा पेरोलचा कोर्स एकेक विषय करत ऑनलाइन केला, तोपर्यंत एका छोट्या कंपनीत डेटा एन्ट्रीला लागले होते आणि तिथली पेरोलवाली बाई रजेवर गेली तेव्हा मी हात वर केला. पहिली नोकरी मनासारखी नसली तरी ती अशी घ्या की जिथे तुमचं खरं काम त्याच ऑफिसात कोणीतरी करत असेल. वेअरहाऊसमध्ये कष्ट करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, घर चालवायला ते करावंही लागतं, पण बॉक्स उचलणारीला ऑफिसचा मॅनेजर दिसत नाही म्हणून दोन-तीन वर्षं तिथेच जातात.

‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का’ हा प्रश्न ऐकून खूप जणी खचतात. ऑन्टारिओत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीला उघड जाहिरातीत ही अट घालता येत नाही आणि पगाराचा आकडा किंवा रेंज द्यावी लागते. तरी इंटरव्ह्यूत वेगळ्या शब्दांत विचारतातच, तेव्हा गप्प बसू नका, इथला नियम आणि तुमचं तिथलं काम यांची सांगड घालून उत्तर द्या, मी तर सीपीपीचा हिशोब कसा करतात तेच तोंडी सांगितलं होतं.

इंग्रजीबद्दल एवढंच, आपल्याला वाचता-लिहिता येतं पण फोनवर बोलायला घाबरतो. लिंक (LINC) हे नवीन आलेल्यांसाठीचे सरकारी इंग्रजीचे क्लास फुकट आहेत, वरच्या लेव्हलचे आहेत का तेही विचारा, इंग्रजी येतं म्हणून लाजून सोडू नका. काही सेंटरवर क्लास चालू असताना तिथेच मुलांना सांभाळतात, माझी मुलगी शेजारच्या खोलीत खेळायची आणि मी इकडे फोन इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करायचे. त्या जागा मोजक्या असतात, तेव्हा क्लासला नाव घालतानाच मुलासाठीही नाव घाला, लसीकरणाचं कार्ड सोबत न्या, तेही भारतातून आणलेलं असू द्या.