आत बॅटरी असलेल्या वस्तू टाकताना या चुका टाळा

रिपेअरिंगच्या कामामुळे लोकं मला जुने ट्रिमर, इअरबड्स, ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक दाखवतात आणि विचारतात की हे टाकू कुठे. प्रश्न विचारतात तेच बरंय, बाकीचे तर न विचारताच काहीतरी करून बसतात आणि मग माझ्याकडे येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॅटरी स्वतः उपसून काढणं. माझ्या मेहुण्याने हेच केलं. कुठेतरी वाचलं होतं की बॅटरी वेगळी आणि प्लास्टिक वेगळं टाकायचं, म्हणून जुना स्पीकर घेतला, स्क्रू काढले, आत बॅटरी डबल टेपने तळाला चिकटवलेली होती, ती निघेना म्हणून चपटा स्क्रू ड्रायव्हर खाली घालून त्याने जोर लावला. आधी फुस्स असा आवाज आला, मग पांढरा धूर आणि दोन सेकंदात जाळ. त्याने तो स्पीकर तसाच उचलून बाल्कनीत फेकला, अंगठा भाजला, धुराने घसा दोन दिवस दुखत होता. वर जाळ विझला म्हणून तो जवळ गेला तर पाचेक मिनिटांनी परत पेटला, मग मात्र बादल्या भरभरून पाणी ओतलं तेव्हा कुठे थांबला.

असं का होतं हे समजून घ्या. चार्ज होणाऱ्या अशा वस्तूंमध्ये बहुतेक लिथियम आयन बॅटरी असते, तिच्या सेलच्या आत दोन थर असतात आणि मधे एक पातळ पडदा, इतका पातळ की मायक्रॉनमध्ये मोजतात. स्क्रू ड्रायव्हरने सेल दबला की तो पडदा फाटतो, थर एकमेकांना टेकतात, आतच शॉर्ट होतं आणि उष्णता वाढत जाते. आतलं द्रावण पेट घेणारं असतं आणि धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असू शकतो, म्हणून तो नाकाजवळ नकोच. तेव्हा नियम एकच, बॅटरी हाताने सहज निघणारी असेल तरच काढा, आणि चिकटवलेली असेल तर अख्खी वस्तू तशीच ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या आणि "आत बॅटरी आहे" असं तोंडाने सांगा. हे शेवटचं बहुतेक लोकं विसरतात, आणि पलीकडच्या माणसाला बाहेरून बघून काही कळत नाही.

दुसरी चूक, सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकणं. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबला जातो, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं काम तिथे मशीन करतं, आणि आजूबाजूला कागद, कापड. जाळ लागला की त्यात अडकतात ती तिथे काम करणारी माणसं, आपण नाही, आणि मला याचाच जास्त राग येतो. वस्तूवर चाकं असलेल्या डब्यावर फुलीचं चिन्ह असेल तर त्याचा अर्थच हा आहे की ती साध्या कचऱ्यात टाकायची नाही. चिन्ह दिसत नसेल तर वायर काढल्यावरही ती वस्तू चालते का बघा, चालत असेल तर आत बॅटरी किंवा सेल आहे.

टाकण्याआधी वस्तू चार्ज संपून बंद होईपर्यंत वापरून घ्या. भरलेला लिथियम आयन सेल 4.2 व्होल्टच्या आसपास असतो आणि जितका जास्त चार्ज तितका जाळ जोरात. पण बॅटरी फुगली असेल तर वापरूही नका आणि चार्जही करू नका, टाचणीने हवा काढायला तर अजिबात जाऊ नका. मी फुगलेली वस्तू पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवतो, झाकण घट्ट लावत नाही, घराबाहेर सावलीत ठेवतो आणि लगेच देऊन टाकतो, महिनाभर सांभाळत बसत नाही.

मिठाच्या पाण्यात बुडवून डिस्चार्ज करायचे व्हिडिओ बघून कोणी करत असेल तर थांबवा, टोकं गंजतात, वायू निघतो आणि सेल आतून तसाच चार्ज राहू शकतो. शॉर्टकटची घाई झालेल्यांना हे पटत नाही, पण खरंच नका करू.

सुटी बॅटरी असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा, किल्ल्या आणि नाण्यांसोबत एका पिशवीत नको.

फोन, टॅब्लेट देताना आधी डेटा पुसा.

आणि गाणी वाजवणारी ग्रीटिंग कार्डं, लाइट लागणारे बूट, छोटी खेळणी, यात बटण सेल, म्हणजे बटणासारखे छोटे चपटे गोल सेल, असतात हे लक्षातच येत नाही कोणाच्या. ही कार्डं फाडून टाकली की सेल जमिनीवर पडतो आणि लहान मूल तो तोंडात घालतं. अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांत आत गंभीर भाजू शकतं, त्यामुळे गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. रिकामा वाटणारा सेलसुद्धा हे करू शकतो, म्हणून काढल्याबरोबर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.